गेर्ड म्युलरची बायर्नमधली दुसरी नोकरी

जुना स्ट्रायकर आपल्या क्लबात परततो, ट्रॅकसूट चढवतो आणि तरुणांना गोल करायला शिकवू लागतो, ही फुटबॉलमधली फार लोभस बातमी असते. चाहत्यांना वाटतं, आता याच्या पायातलं कसब त्या पोरांच्या पायांत उतरणार. प्रत्यक्षात काय उतरतं, किती उतरतं आणि त्याला किती काळ लागतो, हे पाहायचं तर पाच-दहा उदाहरणं वरवर चाळण्यापेक्षा एकच प्रकरण नीट उलगडावं असं मला वाटतं. ते प्रकरण म्हणजे बायर्न म्युनिक हा जर्मन क्लब आणि गेर्ड म्युलर, १९९२ ते २०१४.

हेच का, तर हा माणूस जर्मनीने पाहिलेला सर्वांत मोठा गोल करणारा खेळाडू होता आणि प्रशिक्षकाचं काम त्याने थोडीथोडकी नाही, बावीस वर्षं केलं. शिवाय हे काम हाती आलं तेव्हा तो आयुष्यात पार खचलेला होता. त्यामुळे क्लबने त्याला काय दिलं आणि त्याने क्लबला काय दिलं, हे दोन्ही प्रश्न इथे एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

परतलेला माणूस

गेर्ड म्युलरचा जन्म ३ नोव्हेंबर १९४५ चा, बव्हेरियातल्या नॉर्डलिंगेन या गावातला. १९६४ मध्ये तो बायर्नला आला तेव्हा बायर्न बुंडेसलिगात नव्हता, दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. प्रशिक्षक झ्लात्को चायकोव्हस्कीला हा ठेंगणा, जाड मांड्यांचा पोरगा सुरुवातीला स्ट्रायकर वाटलाच नाही. ‘छोटा जाड्या म्युलर’ हे त्याने ठेवलेलं नाव पुढे प्रेमाने चिकटलं. पुढच्याच वर्षी बायर्न बुंडेसलिगात चढला आणि म्युलरने तिथे ४२७ सामन्यांत ३६५ गोल केले. तो आकडा आजही कुणाला गाठता आलेला नाही. सात वेळा तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. १९७१-७२ च्या मोसमात त्याने ४० गोल केले, आणि १९७२ या एका वर्षात सगळे मिळून ८५. जर्मनीकडून ६२ सामन्यांत ६८ गोल, म्हणजे सामन्यामागे एकापेक्षा जास्त. १९७० च्या विश्वचषकात १० गोल, त्याच वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू, १९७२ चा युरो, १९७४ चा विश्वचषक आणि १९७४, ७५, ७६ असे लागोपाठ तीन युरोपियन कप.

हे आकडे देण्यामागे हेतू आहे. १९९२ मध्ये बायर्नच्या सराव मैदानावर जी मुलं त्याच्यासमोर उभी राहिली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलं नव्हतं. त्यांच्यासाठी तो म्हणजे हे आकडेच होते. अशा आकड्यांच्या सावलीत शिकणं सोपं नसतं आणि शिकवणंही नसतं.

तो गेला कसा

१९७९ च्या फेब्रुवारीत फ्रँकफुर्टविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक पाल चेरनाईने म्युलरला बाहेर बोलावून बदली खेळाडू उतरवला. ज्या क्लबाला त्याने दुसऱ्या श्रेणीतून युरोपच्या शिखरावर नेण्यात सिंहाचा वाटा उचलला, तिथे आपल्याला असं उठवलं जातं, हे त्याला सहन झालं नाही. काही दिवसांतच तो क्लब सोडून अमेरिकेत, फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सकडे गेला. तिथे त्याने गोल केले. १९८० मध्ये संघ उत्तर अमेरिकन लीगच्या अंतिम सामन्यातही पोहोचला आणि न्यूयॉर्क कॉसमॉसकडून ३-० ने हरला. खेळ थांबल्यावर त्याने फ्लोरिडातच रेस्टॉरंट चालवून पाहिलं. तिथून पुढे दारू.

म्युनिकला परतल्यावरही ती सुटली नाही. फुटबॉलपटूंच्या निवृत्तीबद्दल बोलताना आपण पैशांचा विचार आधी करतो. पण तिशीच्या मध्यावर माणसाकडून एकदम जे काढून घेतलं जातं ते वेळापत्रक असतं. सकाळी कुठे जायचं, कुणासोबत जेवायचं, शरीर कशासाठी जपायचं, शनिवारी काय होणार, हे सगळं पंधरा वर्षं कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. म्युलरसारख्या मितभाषी माणसाला तर मैदानाबाहेर दुसरी भाषाच नव्हती. टीव्हीवर बसून मतं मांडणं, मेजवान्यांत मिरवणं हा त्याचा पिंड नव्हता. बायर्नमधला त्याचा साथीदार फ्रान्झ बेकेनबाउअरला ते जमलं, म्युलरला जमलं नाही.

परत आणण्याचा निर्णय

या टप्प्यावर क्लबमध्ये कोण बसलं होतं, हे महत्त्वाचं आहे. उली होनेस १९७९ च्या मे महिन्यापासून, म्हणजे म्युलर गेल्यानंतर लगेचच, बायर्नचा व्यवस्थापक होता. १९९१ च्या अखेरीस फ्रान्झ बेकेनबाउअर आणि कार्ल-हाइन्झ रुमेनिगे क्लबचे उपाध्यक्ष झाले. हे तिघंही म्युलरच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले. होनेस आणि बेकेनबाउअर तर १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याच्यासोबत मैदानावर होते. म्युलरच्या गोलांशिवाय हा क्लब अजून झेबेनर रस्त्यावरच्या लाकडी खोपटातच बसला असता, अशा अर्थाचं बेकेनबाउअर अनेकदा बोलून दाखवायचा. क्लबवर म्युलरचं ऋण आहे, ही भावना तिथे खरोखरीची होती.

या मंडळींनी त्याला १९९१ मध्ये व्यसनमुक्तीच्या उपचारांना तयार केलं. तो त्यातून बाहेर आला आणि १९९२ पासून क्लबच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाला.

उपचार आधी आणि नोकरी नंतर, हा क्रम मला या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. उलट झालं असतं तर ती नोकरी म्हणजे मदतीचा देखावा ठरली असती, आणि मुलांच्या हाती एक आजारी माणूस देणं ही त्या मुलांवरही अन्यायाची गोष्ट झाली असती. क्लबने त्याला पेन्शनसारखी रक्कम दिली असती, वर्षातून दोनदा व्हीआयपी कक्षात बसवून टाळ्या मिळवून दिल्या असत्या, तरी लोकांनी क्लबचं कौतुकच केलं असतं. पण ज्याला सकाळी उठून जायला जागा हवी आहे त्याला धनादेशाने काही मिळत नाही. ती जागा त्याला मिळाली. बूट बांधायचे, चेंडूंची जाळी मैदानावर न्यायची, उद्या पुन्हा यायचं.

काम काय होतं

ज्याच्या नावावर सर्वाधिक गोल, त्याला मुख्य संघाच्या स्ट्रायकरांचा गुरू करण्याचा मोह कुणालाही झाला असता. पत्रकारांना मथळे मिळाले असते. बायर्नने त्याला दिलं ते राखीव संघात, ज्याला तिथे दीर्घकाळ ‘हौशी संघ’ म्हटलं जायचं, त्यात सहायकाचं काम. हा संघ खालच्या श्रेणीतल्या लीगमध्ये खेळतो आणि त्यात मुख्यतः अठरा ते बावीस वर्षांचे खेळाडू असतात. सामने ग्रुनवाल्डर स्टेडियमच्या जुन्या कट्ट्यांसमोर, थोड्या प्रेक्षकांपुढे होतात. या संघाचा मुख्य प्रशिक्षक बराच काळ हेर्मान गेरलांड होता, १९९० ते ९५ आणि नंतर पुन्हा २००१ ते २००९. मोठ्या आवाजाचा, शिस्तीचा, पोरांना धारेवर धरणारा. त्याच्या शेजारी म्युलर, शांत आणि बोलायला संकोचणारा.

ही जोडी जुळून आली याचं श्रेय मला पदांच्या आखणीला द्यावंसं वाटतं. संघ निवडणं, एखाद्या मुलाला वगळल्याचं सांगणं, पालकांशी आणि एजंटांशी बोलणं, सामन्यानंतर पत्रकारांना उत्तरं देणं, ही सगळी कामं मुख्य प्रशिक्षकाची असतात, आणि यातलं एकही म्युलरच्या स्वभावाला मानवणारं नव्हतं. त्याच्या वाट्याला मैदान आलं. महान खेळाडूंना मुख्य प्रशिक्षक करून त्यांचं आणि क्लबचं दोघांचंही नुकसान झाल्याची उदाहरणं फुटबॉलमध्ये ढिगाने सापडतात. नाव मोठं म्हणजे पदही मोठं हवं, असा एक हट्ट त्यामागे असतो. इथे तो हट्ट कुणी केला नाही. म्युलरनेही केला नाही, हे त्याचं मोठेपण.

त्या गोलांतलं काय शिकवता येतं

आता खऱ्या अवघड प्रश्नाकडे. म्युलरचा खेळ शिकवता येण्यासारखा होता का?

१९७४ च्या अंतिम सामन्यातला त्याचा गोल घ्या. ७ जुलै, म्युनिकचं ऑलिंपिक स्टेडियम, समोर नेदरलँड्स, १-१ बरोबरी आणि ४३ वं मिनिट. राइनर बॉनहोफ उजवीकडून आत घुसतो आणि चेंडू गोलसमोर ढकलतो. म्युलर पुढे धावत आलेला, पण त्याचा पहिला स्पर्श चेंडूला किंचित मागे सोडतो. दुसरा कुणी असता तर संधी तिथेच संपली होती. म्युलर पाऊल मागे टाकतो, गोलकडे पाठ अर्धवट वळलेली असतानाच कमरेतून फिरतो आणि उजव्या पायाने जमिनीलगत फटका मारतो. फटक्यात जोर फारसा नाही. पण तो इतक्या लवकर येतो की गोलरक्षक योंगब्लूट जागचा हलत नाही. २-१, आणि विश्वचषक.

हा गोल मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि दर वेळी त्यात शिकवण्याजोगं आणि न शिकवण्याजोगं असं दोन्ही शेजारी शेजारी दिसतं. शरीराची ठेवण शिकवता येत नाही. १.७६ मीटर उंची, गुरुत्वमध्य खाली, मांड्यांत एवढी ताकद की अंगावर बचावपटू रेलला तरी तोल जात नाही, हे जन्माचं आणि नॉर्डलिंगेनमधल्या बालपणाचं देणं. चेंडू कुठे पडणार याचा वासही शिकवता येत नाही. स्वतःच्या गोलांबद्दल विचारलं की म्युलर अंतःप्रेरणेकडेच बोट दाखवायचा. ज्याला एखादी गोष्ट विचार न करता येते, त्याला ती पायऱ्यांत मोडून सांगता येणं कठीण. मोठे स्ट्रायकर चांगले शिक्षक होतीलच असं नाही, ते यामुळेच.

पण त्याच गोलात बाकीचंही आहे. जोरापेक्षा वेळ महत्त्वाची. गोलरक्षक पाय रोवण्याआधी मारलेला साधा चेंडू, त्याने तयारी केल्यावर मारलेल्या तोफगोळ्यापेक्षा धोकादायक असतो. पहिला स्पर्श चुकला की थांबायचं नाही, शरीर चेंडूच्या जागेशी जुळवून घ्यायचं. पाठीवर बचावपटू असताना वळण कोणत्या पायावर घ्यायचं. दोन्ही पायांनी मारता आलं पाहिजे, कारण पेनल्टी क्षेत्रात पाय निवडायला वेळ नसतो. साथीदाराने फटका मारला की पाहत उभं राहायचं नाही, गोलरक्षकाच्या हातून निसटलेल्या चेंडूच्या दिशेने आधीच निघायचं, वीसदा काही मिळालं नाही तरी एकविसाव्यांदा निघायचं. म्युलरचे कितीतरी गोल या शेवटच्या सवयीतून आलेले आहेत आणि लोक त्यांना नशीब म्हणायचे.

हे सगळं सांगून होत नाही, करून होतं. स्ट्रायकर प्रशिक्षकाचं रोजचं काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल असं असतं. मुख्य सराव संपल्यावर तीन-चार आघाडीपटू आणि एक गोलरक्षक मागे थांबतात. बाजूने चेंडू येतो, स्पर्श, फटका. पुन्हा चेंडू, पुन्हा फटका. दिवसाला शंभरेक वेळा. त्यात प्रशिक्षक क्वचित काही बोलतो: आधार देणारा पाय चेंडूच्या जवळ आण, मान वर करू नकोस, अजून लवकर मार. आणि मग तो स्वतः एकदा करून दाखवतो. घराण्याची गायकी गायकाला जशी शिष्यासमोर गाऊनच टिकवावी लागते, अशातला हा प्रकार नाही. इथे घराणं नाही, फक्त एक कसरत आहे आणि ती कशी दिसायला हवी याचा जिवंत नमुना समोर उभा आहे. मितभाषी माणसाला हे काम जमतं. किंबहुना बोलक्या माणसापेक्षा बरं जमत असावं, कारण गोलसमोर उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यात जितकी कमी वाक्यं असतील तितकं चांगलं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. स्ट्रायकर हा मैदानावरचा सर्वांत जास्त वेळा अपयशी ठरणारा खेळाडू. चांगला स्ट्रायकरही गोलात गेलेल्या फटक्यांपेक्षा वाया गेलेले फटके जास्त मारतो. एकोणीस वर्षांच्या मुलाने चार सामने गोल केला नाही की त्याचे खांदे पडतात, तो पास देऊन जबाबदारी झटकू लागतो. त्या वेळी ३६५ गोल करणारा माणूस बाजूला उभा राहून काही न बोलता पुढचा चेंडू टाकतो, याचा जो परिणाम होतो तो कुठल्याही भाषणाने होणार नाही. शिवाय इथे तर तो माणूस आयुष्यातही पडून उठलेला.

हिशेब

आता कठोरपणे पाहू. बावीस वर्षांत काय निघालं?

म्युलरच्या काळात बायर्नच्या राखीव संघातून गेलेल्या खेळाडूंची यादी डोळे दिपवणारी आहे. फिलिप लाम, बास्टियन श्वाइनस्टायगर, मात्स हुमेल्स, होल्गर बाडश्टुबर, डाव्हिड अलाबा, थॉमस म्युलर. २०१४ चा विश्वचषक अंतिम सामना जर्मनीने जिंकला तेव्हा सुरुवातीच्या अकरा जणांत लाम, श्वाइनस्टायगर, हुमेल्स आणि थॉमस हे चौघे होते.

पण ही यादी नीट वाचा. बचावपटू आहेत, मधल्या फळीतले आहेत. अस्सल सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सर्वांत पुढे खेळणारा मुख्य स्ट्रायकर, जवळजवळ नाही. पाओलो गुरेरो राखीव संघातून वर आला, मात्र २००६ मध्ये हॅम्बुर्गला गेला आणि पुढे पेरूचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. सांड्रो वाग्नरलाही नाव दुसरीकडे कमवावं लागलं, तो परतला तो २०१८ मध्ये. या संपूर्ण काळात बायर्नने मुख्य संघाचे स्ट्रायकर बाहेरून विकत आणले: एल्बर, मकाय, क्लोझे, लुका टोनी, मारिओ गोमेझ, मानझुकिच. जर्मनीतला सर्वांत मोठा गोल करणारा माणूस ज्या क्लबच्या राखीव संघाला शिकवत होता, त्या क्लबला स्ट्रायकर बाजारातून घ्यावा लागत होता.

यातून म्युलरचं अपयश सिद्ध होतं का? मला तसं वाटत नाही. बायर्नसारख्या क्लबात मुख्य संघाच्या सेंटर फॉरवर्डची जागा एकच असते आणि तिथे एकोणीस वर्षांच्या मुलाला चुका करण्याची मुभा देण्याइतका धीर कुणाकडे नसतो. बचावपटूला डाव्या बाजूला, मध्ये, गरज पडल्यास मधल्या फळीत खेळवून वाढवता येतं. स्ट्रायकरने पाच सामन्यांत गोल केला नाही तर सहाव्यात क्लब दुसरा घेऊन येतो. प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी ही व्यवस्था त्याच्या हातात नसते. मात्र इतकं कबूल करायलाच हवं की दंतकथा सरावाला उभी केली म्हणजे स्ट्रायकर आपोआप घडतात, या समजुतीला हे प्रकरण पुष्टी देत नाही.

आणि मग थॉमस म्युलर. नात्यातला नव्हे, आडनाव तेवढं सारखं. १९८९ चा जन्म, म्हणजे गेर्डने बायर्न सोडल्यानंतर दहा वर्षांनी. दहाव्या वर्षी क्लबात आला, २००८-०९ मध्ये राखीव संघाकडून तिसऱ्या श्रेणीत ३२ सामन्यांत १५ गोल केले, पुढच्या मोसमात मुख्य संघाचा प्रशिक्षक लुई व्हान गालने त्याला वर घेतलं, आणि २०१० च्या विश्वचषकात ५ गोल करून त्याने गोल्डन बूट जिंकला. पाठीवर १३ क्रमांक, जो १९७० आणि १९७४ मध्ये गेर्डचा होता.

थॉमसचं श्रेय गेर्डला द्यायचं का? पूर्ण देणं खोटं ठरेल. गेरलांडचा वाटा आहे, व्हान गालचं धाडस आहे, आणि मुलाची स्वतःची अजब बुद्धी तर आहेच. शरीराने तर दोघं दोन टोकं: गेर्ड ठेंगणा आणि दणकट, थॉमस उंच आणि काटकुळा. पण थॉमसचे गोल पाहताना एक नातं दिसतं. देखणेपणाची फिकीर नाही. चेंडू नडगीला लागून जावो, गुडघ्याला लागून जावो, रेषेच्या पलीकडे गेला की झालं. बचावपटूंच्या नजरेआड सरकायचं आणि चेंडू यायच्या आधी तिथे असायचं. कुणीतरी या मुलाची ही ओबडधोबड पद्धत सुधारायला घेतली असती तर आपण एक साधारण विंगर पाहिला असता. ज्याच्या स्वतःच्या गोलांना लोकांनी आयुष्यभर ‘कुरूप’ म्हटलं, तो माणूस सराव मैदानावर असताना त्या पद्धतीला हात लावायची गरज कुणाला वाटली नसावी. शिकवण्याचा हा एक प्रकार आहे: जे आहे ते बिघडू न देणं.

शेवटची वर्षं

२०११ च्या उन्हाळ्यात, इटलीतल्या ट्रेंटोमध्ये सराव शिबिरासाठी गेलेला म्युलर अचानक बेपत्ता झाला आणि बऱ्याच तासांनी पोलिसांना शहरात सापडला. २०१४ मध्ये त्याने काम थांबवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये, त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या तोंडावर, क्लबने जाहीर केलं की त्याला अल्झायमर झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तो गेला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात बायर्नचा स्ट्रायकर रॉबर्ट लेवांडोव्हस्कीने त्याचा एका मोसमातल्या ४० गोलांचा विक्रम मोडून ४१ वा गोल केला होता. लेवांडोव्हस्की २०१४ मध्ये बायर्नला आला, म्हणजे म्युलर बाहेर पडला त्याच वर्षी. चाळीसाव्या गोलानंतर त्याने जर्सीखालचा, म्युलरचा चेहरा असलेला टी-शर्ट दाखवला. त्या मोसमात बायर्नच्या मुख्य संघाचा सहायक प्रशिक्षक होता मिरोस्लाव क्लोझे. हाही बायर्नचा जुना स्ट्रायकर, म्युलरचा ६८ गोलांचा राष्ट्रीय विक्रम २०१४ मध्ये मोडणारा. तो आधी दोन वर्षं क्लबच्या सतरा वर्षांखालील संघाचा प्रशिक्षक होता आणि मग वर आला. लेवांडोव्हस्कीला क्लोझेने घडवलं असं कुणी म्हणणार नाही, तो तोवर पूर्ण घडलेला होता. पण मुलांच्या संघापासून सुरुवात करायची ही वाट बायर्नमध्ये एव्हाना रुळलेली दिसते.

इतर क्लबांशी ताडून पाहताना

स्ट्रायकर ओले गुनार सोल्शायरने २००७ च्या ऑगस्टमध्ये बूट टांगले. मँचेस्टर युनायटेडने त्याला लगेच आघाडीपटूंच्या सरावात घेतलं आणि वर्षभरात राखीव संघाचा प्रशिक्षक केलं. बदली खेळाडू म्हणून बाकावर बसून बचावपटूंच्या चुका टिपणारा हा माणूस, त्यामुळे त्याच्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. मुख्य प्रशिक्षक व्हायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं आणि क्लबने ती वाट मोकळी ठेवली. आर्सेनलचा जुना स्ट्रायकर थिएरी ऑन्रीचं तिथे उलट झालं. तो तरुण संघांसोबत काम करत होता, अठरा वर्षांखालील संघ मिळण्याची बोलणी झाली होती, पण मुख्य प्रशिक्षक आर्सेन वेंगरला पूर्णवेळ माणूस हवा होता आणि ऑन्रीला टीव्हीवरचं काम सोडायचं नव्हतं. २०१६ मध्ये तो बाहेर पडला. वेंगरची अट मला रास्त वाटते. मुलांना आठवड्यातून दोनदा भेटणारा महान खेळाडू हा पाहुणा असतो.

सर्वांत बोलकी तुलना युनायटेडचाच जुना स्ट्रायकर रूड व्हान निस्टलरॉयची आहे. जुलै २०२४ मध्ये तो मुख्य प्रशिक्षक एरिक टेन हागचा सहायक म्हणून मँचेस्टर युनायटेडला परतला. त्याआधी त्याने पीएसव्ही या डच क्लबमध्ये तरुण संघांपासून मुख्य संघापर्यंत प्रशिक्षकपदाचा पाया नीट घातला होता, त्यामुळे अनुभवाची वाण नव्हती. गोल करण्याच्या बाबतीत युनायटेडची अवस्था वाईट होती: लीगच्या पहिल्या नऊ सामन्यांत फक्त ८ गोल. ऑक्टोबरच्या अखेरीस टेन हागला काढलं आणि व्हान निस्टलरॉयने हंगामी सूत्रं घेतली. चार सामने, तीन विजय, एक बरोबरी, ११ गोल. ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. नोव्हेंबरमध्ये नवा मुख्य प्रशिक्षक रुबेन आमोरिम आपले सहकारी घेऊन आला आणि व्हान निस्टलरॉयला निरोप मिळाला. एकूण मुक्काम चार-साडेचार महिन्यांचा.

त्या काळात कुठल्या स्ट्रायकरचं काय बदलणार होतं? पहिला स्पर्श बदलायलाच एक मोसम जातो. इथे दोष व्हान निस्टलरॉयचा नाही आणि आमोरिमचाही नाही. नव्या मुख्य प्रशिक्षकाला आपली माणसं आणण्याचा अधिकार असायलाच हवा. फरक पदाच्या मुळाशी आहे. मुख्य संघातला स्ट्रायकर प्रशिक्षक मुख्य प्रशिक्षकाच्या ताफ्यातला असतो आणि ताफ्याबरोबर येतो-जातो. म्युलरची नेमणूक क्लबने केली होती आणि ती राखीव संघात होती. त्याच्या बावीस वर्षांत मुख्य संघाकडे लेर्बी, रिबेक, बेकेनबाउअर, त्रापात्तोनी, रेहागेल, हिट्सफेल्ड, मागाट, क्लिन्समान, हाइंकेस, व्हान गाल आणि गार्डिओला येऊन गेले, त्यांतले काही तर दोनदा. एकेकाच्या येण्याने खेळाची पद्धत बदलली, कप्तान बदलले, अर्धे सहायक बदलले. खाली राखीव संघाच्या मैदानावर मात्र चेंडू टाकणारा माणूस तोच राहिला, आणि २००० साली दहा वर्षांचा असताना क्लबात आलेला थॉमस एकोणीस वर्षांचा होऊन त्या मैदानावर पोहोचला तेव्हाही तो तिथेच होता.